दोन टाक

ही बाई कुणाशीच बोलत न्हाई का, असं माझ्या पाठीमागं कुणीतरी इचारलं आन् बायका हसल्या. मी मानवतच्या जिनात, म्हंजी सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायलते, मान वर केली न्हाई, पर आवाज ध्यानात राहिला. जिनावर कापसाच्या गाड्या आणणारे गाडीवान होते ते. आज ज्यांच्या वसरीवर बसून मी तुमाला हे सांगायलेय, तेच.

मी बोरीची. परकरात होते तवाच मानवतला दिली. पहिले मालक लय जीव लावायचे, काय सांगू तुमाला, बाजारातून आले की आधी मला हाक मारायचे, मग चपला काढायचे. मरीच्या साथीत गेले, लेक तवा रांगायलती. मग जिन धरलं. लेक वाढवली, गंगाखेडला दिली, तवर माझे केस पिकायला लागले आन् घरात चूल पेटवावी का न्हाई असं वाटायला लागलं.

गाडीवानांची बायको काशी, तिला मरून लय वर्षं झालेली, लेकरूबाळ न्हाई. ते माझ्या घागरीचं पाणी मागायचे आन् काशीचं सांगत बसायचे, ताक घुसळता घुसळताच तिला झोप लागायची म्हणं. मेलेल्या बायकोला असं हसून आठवणारा माणूस मी बघितला नव्हता. मग मीबी आमच्या मालकाचं सांगायला लागले. इतक्या वर्षांत कुणी इचारलंच नव्हतं, बाई.

त्यांनी पाटाचं इचारलं. आमच्यात रांडमुंड बाईचा पाट लागतो, म्हंजी दुसरं लगीन, त्यात लाज न्हाई. जावई म्हणला, मामी, आमची खुशी हाय. लेक म्हणली, आई, म्हातारपणी एकटी कुढत बसू नको. माझ्याच तोंडून हो निघंना. चाल अशी, की बिजवराशी पाट लावला तर त्याच्या पहिलीचा टाक, म्हंजी चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली तिची मूर्त, दुसरीनं गळ्यात घालायची. काशीचा मान मी ठेवला असता हो. पर आमच्या माणसाचा टाक कोण घालणार? पाट लागला की ते पुसलेच. एकदा पाणी देता देता मी हे त्यांना बोलून गेले. गाडीवानांनी ऐकलं, बैल जुंपले आन् गेले. मला वाटलं, मोडलं आता.

पुढच्या बाजारी आले ते दोन टाक घेऊन. एक लुगड्यातली बाई, एक फेटेवाला. सोनार म्हणला, गड्यानं टाक घालायची चाल न्हाई, लोक हसतील. ते म्हणले, हसू दे. जिनातल्या बायका हसल्याच की, एक म्हणली, दाजी, आता बांगड्याबी भरा. त्यांनी फेटेवाला काळ्या दोऱ्यात ओवला आन् सदऱ्यावरून गळ्यात घातला.

आता निजामाचं राज्य गेलं, यांचं गाडी हाकणं सुटलं, पर तो दोरा गळ्यात हाय. माझ्या गळ्यात काशी. देवानं मला दोनदा दिलं, आणखी काय मागू.

टाक आणले त्या दिवशी त्यांनी काशीचा टाक माझ्यापुढं धरला आन् इचारलं, गिरजाबाई, टाक पुजताना नाव घ्यावं लागतंय, तुमच्या मालकाचं नाव काय? लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच, पुना कधी माझ्या जिभेवर आलं नव्हतं. सगळ्या बायका बघायलत्या. मी पदर सावरला, टाक घेतला आन् म्हणलं, लिंबाजी. लिंबाजी त्यांचं नाव. आन् तुमच्या घरी यायला माझी हरकत न्हाई.