दमणीतलं रडणं

पूर्णा नदीच्या पात्रात बैलाच्या दमणीचं चाक गोट्यावर चढलं अन् धाडकन खाली आलं, तवा मी मायच्या मांडीले चावा घेतला. ओटीपोटात सुरी फिरल्यासारखं झालं, खाली पाह्यलं तर लुगडं रक्तानं भिजलेलं, अन् ते पाळीचं नाही, लघवीचं. माय म्हणे, रडू नको गिरजे, आता तं माहेराले चालली ना तू. दमणी हाकत होता रहेमानचाचा, आमच्याच गावचा, बापाचा दोस्त. बाप मेल्यावर मले आणायले-पोचवायले तोच येई. त्यानं बैल थांबवले अन् मागं न पाहता म्हणे, भाबी, सासरी जातानी सगळ्याच पोरी रडतात, मी लई पोचवल्या. माहेराले येतानी रडणारी ही एकच पाह्यली, अन् ते बी दगड आला का रडते, मऊ वाट आली का गप. हे रडणं धक्क्याचं हाये.

हे कोणाले तरी दिसायले दोन वर्सं लागली, काय सांगू तुमाले.

माहेर माझं मलकापूरच्या अलीकडं. चौथी शिकली, अन् चवदाव्या वर्सी लग्न झालं. सासर पूर्णेच्या पल्याड, वरवट बकालच्या शेजारी. घरची कपाशी होती. आम्ही बाया उजाडायच्या आत बाहेर जाऊन यावं अन् मग दिवस बुडेपर्यंत धरून ठेवावं, वावरात माणसं असत, आडोसा कुठं पाहणार? म्हणून वेचणीच्या दिवसांत पाणीच प्यावं नाही. सगळ्याच तसं करत. मले मात्र आग होऊ लागली, धार लागे अन् मधीच तुटे, मग तिथंच बसून राहावं. जावा हसत, म्हणत, गिरजा तिथं झोपली का वो.

सासूनं काय केलं, पाणी मोजून देऊ लागली. दिवसाले दोन गडवे. म्हणे, कमी पेशील तं कमी जाशील, कमी जाशील तं कमी दुखल. सासू दुष्ट होती असं नाही, तिच्या सासूनं तिले हेच शिकवलं होतं. मीही ऐकलं. त्यानं दुखणं दुप्पट झालं. काढे झाले, अंगारे झाले. मग शेजारपाजारच्या बाया कुजबुजू लागल्या का हिले गरमीचा रोग हाये, बाहेरून लागलेला. ते नवऱ्याच्या कानी गेलं. मालक तोंडानं वाईट बोलले नाहीत. येवढंच म्हणे, अखाजीच्या सणाले माहेराले जाय, पेरणीपर्यंत बरी झाली तं आणतो, नाही तं दुसरी पाहणं हाये, घरात भाकर तं लागते. तर त्या अखाजीची ही गोष्ट.

चाच्यानं गावाचा रस्ता सोडला अन् दमणी सरळ मलकापुरात नेली, बायांच्या दवाखान्यात. डाक्टरीनबाई होत्या, नागपूरकडच्या, बोलायले कडक. त्यायनं इचारलं, दुखणं कवा वाढते? मले लाजेनं तोंड उघडेना, माय नुसती पदर चघळत बसली. तवा पडद्याबाहेरून चाचा बोलला, गाडीत वाढते बाई, धक्क्यानं. त्या म्हणे, गाडीवान, डाक्टर तुमी का मी? तो म्हणे, मी बैलाचा, बाई. पण दुखणं तं सारखंच.

मग त्यायनं लोखंडाची बारीक सळई लघवीच्या जागेतून आत घातली. ते सांगण्यासारखं नाही. पण आतून आवाज आला, टक. पुन्हा हलवली, पुन्हा टक. बाई म्हणे, ऐकलं का, लघवीच्या पिशवीत खडा हाये. माय रडू लागली. मले मात्र बरं वाटलं. दोन वर्सं लोकायनं माझ्या पोटात पाप पाह्यलं, अन् निघाला गोटा.

दुसऱ्या दिवशी नाकावर भुलीच्या दवाईचा रुमाल धरला अन् खडा चिमट्यानं आतच फोडून काढला. मंग ताप चढला, आठ दिवस उतरेना. बाईनं मायले सांगून ठेवलं, नेम नाही. उठली तवा त्या म्हणे, पाणी पी, तांब्यावर तांब्या, अन् लघवीले लागली का उठून जाय, लाजू नको. पिशवीले जखम झाली हाये, थोडं दुखणं जन्मभर राहील. तसंच झालं. खडा गेला, आग राह्यली. थंडीत आजही लागते.

पेरणीच्या आधी मालक न्यायले आले. खड्याचे तुकडे कागदाच्या पुडीत होते, ते मी त्यायच्या हातावर ठेवले. त्यायनं पाह्यले अन् इतकंच म्हणे, चाल. जातानी पूर्णेत चाच्याच्या दमणीचं चाक गोट्यावर चढलं, अन् मी रडली नाही. चाच्यानं मागं वळून पाह्यलं.

घरी सासूनं पुन्हा दोनच गडवे भरले. मी आपलं मडकं वेगळं मांडलं. तिनं महिनाभर तोंड फिरवलं. माझ्या सुना वावरात जातात तवा मी पहिलं पाणी पाजते, मंग विळा देते. हसतात मेल्या. हसू द्या.

चाचा गेला, माय गेली, सासू गेली, मालक गेले. मी हाये.