नावेतला बाळकृष्ण

आमच्या पोरीची लातूरच्या विज्ञान प्रदर्शनाला न्यायची नाव काही केल्या सरळ तरंगेना. खडे टाका, नट-बोल्ट टाका, सगळं एका अंगाला सरकायचं अन् नाव कलंडायची.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बघतो तर नाव टबात ठाम उभी! आत देवघरातला पितळी रांगता बाळकृष्ण, पोरीनं घट्ट चिकटवलेला. अन् तिकडं आई पूजेलाच बसत होती.

"देव कुठाय रे?"

मी टबाकडं बोट केलं. आईनं वाकून बघितलं अन् बाळकृष्णाच्या डोक्यावर पळीभर पाणी घातलं. नाव हलली न्हाई.

"आंघोळ झाली," आई म्हणाली. "जा घेऊन. पण नैवेद्याच्या आत माघारी आणा, लेकरू उपाशी राहील."