उकळलेली पुडी

राजनंदिनी : थांबा, थांबा आत्याबाई! माझी पुडी उकळत्या दुधात काय टाकताय?

धुरपदाबाई : मग कशात टाकू? रोजच टाकते की. चांगला कढ आला की गार करून देते तुला.

राजनंदिनी : रोज? म्हणजे सातवा लागल्यापासून मी उकळलेलीच पुडी पितेय?

धुरपदाबाई : तूच फोनवर भणीला सांगत हुतीस, पुडीत जित्ते जंतू हैत म्हणून. पोटुशी सुनंला जंतू पाजू व्हय म्या?

राजनंदिनी : अहो, चांगले जंतू! दह्यात असतात तसे. ते मरू नयेत म्हणून तर पुड्या फ्रिजमध्ये ठेवल्यात.

धुरपदाबाई : जंतू ते जंतू. त्यात चांगला न् वाईट कसला?

राजनंदिनी : आपल्या थोरल्या आरोहीकडं बघा की. तान्ही होती तवापासून अंगावर इसब. खाजवून खाजवून रक्त काढते पोरगी. ह्या बाळाला तरी ते नको म्हणून धाराशिवला डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी ह्या पुड्या दिल्या. म्हणाल्या, खात्री नाही, पण आईनं घेतल्या तर काही लेकरांना फायदा होतो. त्या एवढ्याशा आशेवर होते मी!

धुरपदाबाई : म्हंजी सगळं मुसळ केरात गेलं म्हण की.

राजनंदिनी : एका शब्दानं विचारायचं तरी!

धुरपदाबाई : हसली असतीस, म्हातारी अडाणी म्हणून.

राजनंदिनी : हसले असते. पण उकळू दिलं नसतं.

(धुरपदाबाई गॅस बंद करतात आणि पातेल्याकडं बघत उभ्या राहतात.)

धुरपदाबाई : अमरसिंहाच्या आदी मला एक लेक हुती. हगवणीनं गेली. नर्सबाई म्हनली, पाण्यात जंतू हुते, उकळून पाजलं असतं तर वाचली असती. तवापासनं ह्या घरात उकळल्याबिगर काय बी कुणाच्या तोंडात जाऊ देत न्हाय म्या.

राजनंदिनी : ह्यांनी कधीच सांगितलं नाही मला.

धुरपदाबाई : त्याला कुठं ठावं हाय?

राजनंदिनी : ...आत्याबाई, अजून दिवस आहेत हातात. गार दूध आहे का?

धुरपदाबाई : सकाळी उकळलेलं हाय, फ्रिजात. पर पुडी तूच फोड. माझ्या हातनं व्हायचं न्हाय.

राजनंदिनी : हे बघा, ढवळलं. पिऊ?

धुरपदाबाई : पी. पर पिऊन लगीच आत जाऊ नगंस. जरा येळ हितंच बस, माझ्याम्होरं.