वीस पावलं मागे

रसिका : म्हणजे काकू गेल्याचं तुम्हाला फोनवरच कळलं?

शहाजी : हो. मंगळवारी, दुपारी सव्वाचारला. दिल्लीतल्या सरोजिनी नगर बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराने केला. पार्किंगच्या जिन्यावरून पडल्या म्हणाला. मी पोचलो तर अंगावर चादर.

रसिका : सॉरी काका. हे छापणार नाही. पुस्तकांवर बोलू या? नोएडाच्या आमच्या मासिकाच्या ऑफिसात सगळे विचारतात, चंद्रप्रभाकाकू थ्रिलरकडे वळल्या कशा?

शहाजी : माझ्या नोकरीमुळे. मी सीमेवर, ती छावणीच्या क्वार्टरमध्ये एकटी. बाहेर पावलं वाजली की कोण असेल ते मनात रचायची. तेच लिहायला लागली. चौदा पुस्तकं झाली.

रसिका : आणि आवडते हिरो? ॲक्शनवाले?

शहाजी : एका ठोशात दहा लोळवणारे नाही. मार बसला की ज्याला दुखतं, असा लागायचा. तिचा मेजर राजवर्धन गुडघ्याला पट्टा बांधून पळतो ना? तो गुडघा माझा आहे, पोरी.

रसिका : (हसून) अच्छा! पण काका, पाठलाग इतका खरा कसा जमायचा?

शहाजी : करून बघायची. बाजारात ती पुढे, मी वीस पावलं मागे, पाळतीवर.

रसिका : पाळत म्हणजे... पीछा?

शहाजी : तेच. तिने वळून बघायचं नाही, हा नियम. मान कधी आखडते, घाम कुठे येतो, घरी येऊन लिहून काढायची. महिनाभर दर मंगळवारी चाललं होतं. तिथल्या कॅमेऱ्यांत मी असेनच.

रसिका : मग त्या मंगळवारी तुम्ही मागेच होतात?

शहाजी : नाही. जेवून पडलो, डोळा लागला. तिच्या मेसेजने जाग आली. हा वाच.

रसिका : ‘आज फार जवळ येताय. लांब राहा.’ तीन बावन्न.

शहाजी : खाली माझं उत्तर आहे.

रसिका : ‘बरं, मागे सरतो.’ काका, तुम्ही तर घरी होतात!

शहाजी : झोपलो होतो म्हटलं असतं तर चिडली असती. वाटलं, भास होतोय तिला. पुस्तकाला बरंच आहे.

रसिका : म्हणजे मागे तुम्हीच आहात असं समजून त्या...

शहाजी : चालत राहिली. वळली नाही.

रसिका : पोलीस काय म्हणतात?

शहाजी : पाय घसरला. तिचा फोन फुटला, त्यांना मेसेजचं ठाऊक नाही. आपली तक्रार नाही, असं लिहून सही मागितलीय.

रसिका : पण कोणीतरी होतं, काका! हे दाखवा ना त्यांना.

शहाजी : दाखवलं, तर महिनाभर तिच्या मागे फिरणारा एकच माणूस त्यांना दिसेल. आणि मी मागे आहे, असं त्यानेच लिहून दिलंय.

रसिका : आणि तो दुसरा मोकळा फिरतोय, त्याचं काय?

शहाजी : रोज तेच डोक्यात असतं.

रसिका : मग काय ठरवलंत?

शहाजी : पंधरा दिवस झाले. सही केलेली नाही. मेसेजही दाखवलेला नाही.