अंगणातला डाग थांबला त्या दिवशी

बसा मंडळी, बसा. मागचे थोडे पुढं सरका. खांबाच्या आड बसलं की झोप लवकर येते, तिथं कोण कोण बसलंय ते मला इथून दिसतंय. पखवाजवाले, हात जरा आवरता घ्या. आज गाणं थोडं आहे, गोष्ट मोठी आहे.

आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनात ठेवा. एखाद्याचं दुखायचं थांबलं, म्हणजे ते माणूस बरं झालं का?

सोपा वाटला? माना डोलताहेत. बरं. मग ऐका.

आंबेखिंडीच्या घाटाखाली खिरेवाडी नावाचं गाव. तिथं निवृत्ती दराडे नावाचा माणूस होता. वीटभट्टीच्या विटा भरायच्या, घाट चढायचा, तालुक्याला उतरवायच्या, हा त्याचा धंदा. ट्रक कसला? बंदरावरच्या लिलावात घेतलेला, जुना, परदेशी. आणि त्याला क्लचच नव्हता! गिअर आपले आपण पडायचे. गावाला नवल. पारावर बसलेले विचारायचे, "निवृत्ती, मग डावा पाय काय करतो रे?" हा म्हणायचा, "त्याला पेन्शन लागली." आणि खरंच, डाव्या पायाची मांडी घालून, जेवायला बसल्यासारखा बसून हा ट्रक चालवायचा.

हसा, हसा. पुढं हसायला फार नाही.

ट्रक आणायला गेला तेव्हा बायकोला बरोबर घेऊन गेला होता, नारळ तिच्या हातचा म्हणून. बायकोचं नाव यमुना. तो ट्रक बंदरात चालवणारा म्हातारा ड्रायव्हर, अब्दुलचाचा, त्यानं किल्ली देताना एक गोष्ट सांगितली. म्हणाला, "दादा, ह्याच्या गिअरबॉक्सचं तेल बघायचं ते इंजिन चालू ठेवून, गरम असताना. बंद गाडीवर मापाची काडी बुडवाल तर काडी खोटं बोलेल."

का, तेही त्यानं सांगितलं. गाडी बंद असली की वर चढलेलं तेल उतरून खाली साचतं, काडी भिजते, माप भरल्यासारखं दिसतं. गाडी चालू झाली की ते तेल वर कामाला जातं. मग खाली किती उरलंय, ते खरं कळतं.

निवृत्तीनं ऐकलं. यमुनेनंही ऐकलं. पण मंडळी, कान दोघांना असले तरी ऐकणं एकाचंच झालं.

निवृत्तीची सवय जन्माची. सकाळी उठायचं, थंड गाडीचं बॉनेट उघडायचं, काडी काढायची, फडक्याला पुसायची, बुडवायची, बघायची. सगळे ट्रकवाले इंजिनचं तेल असंच बघतात. हा गिअरबॉक्सचंही तसंच बघायचा. यमुना ओट्यावरून म्हणायची, "अहो, चालू ठेवून बघा ना. चाचा काय म्हणाले होते?"

"चाचाला जाऊन किती दिवस झाले, आणि तू अजून त्याचं ऐकतेस? तू तुझी चूल बघ."

"चूलसुद्धा पेटल्यावरच कळते, जळण ओलं का सुकं."

आता ह्याला उत्तर आहे का कुणाकडं? त्याच्याकडंही नव्हतं. म्हणून तो ओरडला. आपल्याकडं उत्तर नसलं की आपण काय करतो? आवाज वाढवतो. रोज म्हणायची, रोज बोलणं खायची. मग एक दिवस यमुना म्हणायची थांबली. निवृत्तीला वाटलं, पटलं हिला.

पुढं ट्रक गळायला लागला. गिअरबॉक्सच्या बाजूनं लाल तेल. रोज सकाळी अंगणात बशीएवढा डाग, कुंकवाचं पाणी सांडल्यासारखा. यमुना त्यावर चुलीतली राख टाकायची आणि झाडून घ्यायची. निवृत्ती काडी बुडवायचा, काडी भिजलेली दिसायची, थोडं तेल ओतायचा आणि निघायचा. घाटात ट्रक तापायचा. समोरच्या तबकडीवर तापमानाचा काटा वर जायचा. हा काटा रोजच वर जायला लागला, तेव्हा ह्यानं काय करावं? काट्याचा कंटाळा आला म्हणून त्या तबकडीवर दत्तमहाराजांचा फोटो चिकटवला.

मंडळी, महाराजांना बसायला गाडीत दुसरी जागा नव्हती? होती. पण आपल्याला जे बघायचं नसतं, त्याच्यावर आपण देव चिकटवतो. आणि वर म्हणतो, देवाची कृपा आहे.

मग एक दिवस यमुनेच्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडं, खाली. पहिल्यांदा कण्हली. मग म्हणाली, "अहो, जरा तालुक्याला दाखवून येऊ का?"

"ओवा खा. भट्टी लागलीय, खेपा आहेत."

दुसऱ्या दिवशी ती वाकून चालत होती. म्हणाली, "फार दुखतंय हो." हा म्हणाला, "उद्या बघू." वाईट माणूस होता का? नाही. तुमच्या-माझ्यासारखा होता. "उद्या बघू" हे वाक्य काही वाईट माणसांनी शोधलेलं नाही.

आणि उद्या उजाडला. काय झालं सांगू? यमुना सकाळी उठली, तर पोट दुखत नव्हतं. एकदम थांबलं होतं. अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं तिला. राखेचं घमेलं घेऊन अंगणात आली, तर अंगण कोरडं. डाग नाही.

"अहो, आज डाग नाही."

निवृत्ती वाकला, ट्रकच्या पोटाखाली गेला, हात फिरवून आला. कोरडं. तो इतका खूश झाला! "बघितलंस? आपोआप बंद झालं. आणि तुझं पोट?"

"तेही थांबलंय."

"मग? उगाच घाबरवत होतीस."

यमुना थोडा वेळ डागाच्या जागेकडं बघत राहिली. म्हणाली, "तेल संपलं तर नसेल ना?"

ह्यानं काडी काढली. गाडी बंद, थंड. काडी भिजलेली. तिच्या नाकासमोर धरली. "हे काय? मापाला बरोबर आहे." त्यानं नारळ आणला, ट्रकच्या चाकापाशी फोडला, अर्धी वाटी तिच्या हातात दिली. तिनं तुकडा तोंडात धरला. गिळला नाही.

दुपारी तिला थंडी वाजून ताप भरला. पोट फळीसारखं कडक. शेजारचा कचरू सानप जीप काढून दारात उभा राहिला. म्हणाला, "वहिनींना बसवा, अर्ध्या तासात घाट ओलांडतो."

आता इथं थांबा. अख्खी गोष्ट ह्या उंबऱ्यावर उभी आहे. जीप दारात आहे. आणि निवृत्ती म्हणतो, "जीपमध्ये आदळेल ती. ट्रकची सीट लांब आहे, आडवी होईल. आणि माझी गाडी आता खणखणीत आहे, गळायचंही थांबलंय. तू जा तुझ्या कामाला."

कचरू म्हणाला, "मी मागं मागं येतो."

"नको रे. कशाला डिझेल जाळतोस?"

प्रेमापोटीच म्हणाला हो. सीट लांब आहे, हेही खरंच होतं.

घाट लागला. पहिली वळणं गेली. यमुना सीटवर आडवी, डोकं त्याच्या मांडीशी. त्या मांडी घातलेल्या डाव्या पायाशी. मग जळका वास यायला लागला. इंजिनाचा आवाज वाढला, पण ट्रक वाढेना. ह्यानं पाय आणखी दाबला. इंजिन ओरडतंय, चाकं जागची हलेनात. ट्रक मागं सरकायला लागला, तेव्हा त्यानं ब्रेक दाबले, इंजिन बंद केलं, उतरून चाकाखाली दगड लावले, धावत पुढं आला, बॉनेट उघडलं. थोडा वेळ गेल्यावर काडी काढली.

काडी भिजलेली. मापाला बरोबर.

तो काडी हातात धरून उभा राहिला. काहीच कळेना त्याला. तेवढ्यात केबिनमधून बारीक आवाज आला. "अहो."

"काय गं?"

"चालू ठेवून बघा."

कितीतरी दिवसांनी म्हणाली ती हे. त्यानं ऐकलं. इंजिन सुरू केलं, काडी पुसली, बुडवली, काढली.

कोरडी. टोकाला फक्त काळा, जळका चिकटा.

गळायचं थांबलं होतं मंडळी, ते भोक बुजलं म्हणून नाही. तेल भोकाच्या खाली गेलं होतं. गळायला उरलंच नव्हतं, म्हणून थांबलं.

निवृत्ती केबिनमध्ये चढला. तिचे पाय मांडीवर घेऊन बसला. म्हणाला, "तुझं बरोबर होतं." ती म्हणाली, "पाणी द्या." तेवढंच.

बऱ्याच वेळानं दुधाचा टेम्पो आला. दोघांनी तिला उचलून कॅनच्या मधे निजवलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि ह्याला एकच गोष्ट विचारली, "दुखायचं कधी थांबलं?"

हा म्हणाला, "सकाळीच, बाई. आपोआप."

यमुनेला आत नेलं. मग कुणीतरी त्याला समजावलं, की पोटातलं आतडं फुटलं की कधीकधी दुखणं एकदम थांबतं. घरच्यांना वाटतं, उतार पडला. यमुना त्या आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

आता सांगा. मघाशी माना डोलल्या होत्या. आता का नाही डोलत?

ट्रक पुढं दुरुस्त झाला. निवृत्ती अजून चालवतो. तबकडीवरचा फोटो त्यानं पाण्यानं भिजवून हळूच सोडवला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. सकाळी आधी गाडी सुरू करतो, तापू देतो, मग काडी बघतो. एकदा अंगणात पुन्हा लाल थेंब दिसला. बहीण आली होती त्याची. ती राख घेऊन धावली. हा म्हणाला, "राहू दे आक्का. पडतंय, म्हणजे अजून आहे." आणि त्या थेंबाशेजारी उकिडवा बसून राहिला.

मंडळी, ट्रक निवृत्तीचा होता. अंगण तुमचं आहे.

तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी म्हणायचं थांबलं असेल. आई गुडघ्याचं सांगायची, हल्ली सांगत नाही. सून रडायची, हल्ली रडत नाही. थोरला भाऊ भांडायचा, हल्ली नुसता हो म्हणतो. आणि तुम्ही मनातल्या मनात नारळ फोडलाय – चला, घर शांत झालं. घरी गेलात की बघा, अंगण कशानं कोरडं आहे.

पण बघताना निवृत्तीची चूक करू नका. चहाला समोर बसवून, "काय, बरं आहे ना?" असं विचारू नका. बसल्या माणसाची काडी भिजलेलीच दिसते. ती चुलीपाशी असताना, भाकरी थापताना, जीव तापलेला असताना जाऊन शेजारी उभे राहा. तेव्हा विचारा.

ती म्हणेल, "काही नाही."

तरी हलू नका तिथून.

पखवाजवाले, आता धरा ठेका. हळू धरा.