बाचीनं सांगितलेलं मेसिना

तेक्ला : नाही वहिनी, इथून पुढं एक पायरीसुद्धा नाही. दहा मिनिटं म्हणाला होता ना माझा भाऊ? पाऊण तास झाला आपण चढतोय.

इल्वा : आता चढायचं नाहीच आहे. पोचलो. हेच ते गोल घुमटाचं चर्च.

तेक्ला : हे? मग ती पिवळी इमारत कुठाय? "घुमट आणि पिवळी इमारत, भिंतीला भिंत." शंभरदा ऐकलंय मी हे त्याच्या तोंडून.

इल्वा : पिवळी इमारत खाली राहिली. मघाशी न्हाव्याच्या दुकानापाशी थांबलो ना, तीच. हिरव्या खिडक्यांची.

तेक्ला : ती? अगं, ती बंदराजवळ. मधे अख्खं गाव गेलं, एक शाळा गेली, त्या मोकाट कुत्र्यांची गल्ली गेली! ही कसली भिंतीला भिंत?

इल्वा : बस जरा. अंडं खा.

तेक्ला : कुठलं अंडं?

इल्वा : सकाळी जहाजावर न्याहारीला उचललं. दोन आहेत. पावही आहे.

तेक्ला : रुमालात बांधून आणलंस? धन्य आहे तुझी. जेनोव्हाची बाई स्वर्गात गेली तरी रुमालात काहीतरी बांधूनच परत यायची. दे इकडं. मीठ?

इल्वा : पुडीत आहे.

तेक्ला : आत्ता ते बसवाले ताओर्मिनात गार सावलीत बसून मासे खात असतील. पासष्ट युरो जास्त पडले असते फक्त. आणि त्यांना उशीर झाला तरी जहाज थांबतं त्यांच्यासाठी. जहाजाचीच सहल ना ती. आपल्यासाठी कोण थांबणार? साडेचारला शिडी वर, की दोन म्हाताऱ्या धक्क्यावर.

इल्वा : आत्ता कुठं पावणेदोन वाजलेत. तू जायचं होतंस त्यांच्याबरोबर.

तेक्ला : आणि तुला एकटीला सोडायचं? शहात्तर वर्षांची बाई, जन्मात पहिल्यांदा जेनोव्हाबाहेर पडलेली, हातात नकाशा नाही, नवऱ्यानं तोंडी सांगितलेला रस्ता तेवढा डोक्यात! नेपल्सला काय झालं आठवतंय ना?

इल्वा : नेपल्सला काही झालं नाही.

तेक्ला : किल्ल्याला दोन बुरूज म्हणाला होता. पाच निघाले. बोटांवर मोजले मी. एखादा इकडंतिकडं चालतो, वहिनी. तीन बुरूज कुठं खिशात घालून आणले का त्यानं?

इल्वा : विसरला असेल. एकोणऐंशीचा झालाय तो.

तेक्ला : सांगायचा तेव्हा तिशीचा होता.

इल्वा : हो. तेव्हा तिशीचा होता.

तेक्ला : बघ, तुलाही कळतंय.

इल्वा : तेक्ला, दर खेपेला जहाजावरच्या कामावरून घरी आला की तो आधी स्वयंपाकघरात यायचा. बूट काढायच्या आधी. खुर्ची उलटी करून बसायचा आणि सांगायला लागायचा. मेसिना, नेपल्स, त्रिपोली. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात कोटांना बटणं लावता लावता तेच बायांना सांगायची. "या खेपेला आमच्या बाचीनं मेसिना पालथं घातलं." पंधरा बाया माना वर करून ऐकायच्या. एकतीस वर्षं.

तेक्ला : म्हणून तर म्हणते, जरा बसमध्ये बसू, काचेतून बघू, घरी जाऊन छान होतं म्हणू. कशाला त्याचं बोलणं पायांनी मोजत फिरतेस?

इल्वा : कारण तो आला नाही. लेकानं दोघांचं तिकीट काढलं होतं. "मी सगळं बघितलंय, तेक्लाला घेऊन जा" म्हणाला. मी म्हटलं, गुडघ्यांमुळे होय? तर म्हणे, गुडघे बरे आहेत. माझ्याकडं न बघता म्हणाला.

तेक्ला : पुरुष असेच बोलतात.

इल्वा : मी इथवर चर्च बघायला चढले नाही. इथून ती गच्ची दिसते का, ते बघायला चढले.

तेक्ला : कसली गच्ची?

इल्वा : त्या पिवळ्या इमारतीची. तो सांगायचा, वर गच्चीवर निळ्या डब्यांत लिंबाची तीन झाडं आहेत. लाल एप्रनची एक बाई तिथं चादरी वाळत घालते आणि मला बघून हात करते.

तेक्ला : हं. ते ऐकलंय मी.

इल्वा : खाली रस्त्यावरून ती गच्ची दिसत नाही. मी मान मोडेस्तोवर बघितलं. न्हाव्याला विचारलं, तर तो म्हणाला, बाई, रस्त्यावरून कशी दिसेल, या बाजूचा कठडा पुरुषभर उंच आहे. म्हटलं, डोंगरावरून दिसत असेल, चर्चपासून. आता तू बघ. तुझी नजर चांगली आहे.

तेक्ला : थांब. ती बघ हिरवी खिडकी, तिच्यावर... कौलं. उतरती कौलं आहेत या अंगाला. गच्ची पलीकडं असणार, समुद्राच्या बाजूला.

इल्वा : म्हणजे इथूनही नाही.

तेक्ला : नाही.

इल्वा : मग निळे डबे त्याला कुठून दिसले?

तेक्ला : वहिनी...

इल्वा : न्हाव्यानं आणखी एक सांगितलं, तू तेव्हा बर्फाचं सरबत, ती ग्रानिता, घ्यायला गेली होतीस. वरच्या मजल्यावर रोझालिया नावाची बाई राहायची. शिवणकाम करायची. लाल एप्रन, टाचण्या नेहमी तोंडात. लग्न केलेलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी वारली.

तेक्ला : असेल एखादी. गावात बाया असतातच.

इल्वा : शिवणकाम करायची म्हणाला तो. मीही तेच करत होते.

तेक्ला : तू भलतंच शिवायला लागलीस आता.

इल्वा : मी शिवत नाही. उसवतेय. जहाज इथं सकाळी लागायचं, संध्याकाळी सुटायचं. आठ तास. एकतीस वर्षं. माणूस आठ तासांत कुठंही जाऊन येऊ शकतो. आज जहाजावर गेल्यावर फोन करणार आहे. एवढंच विचारणार. "बाची, गच्चीवर कशाला गेला होतास?"

तेक्ला : फोनवर? छप्पन्न वर्षांच्या संसारानंतर, फोनवर?

इल्वा : समोर विचारलं तर तो खिडकीतून बाहेर बघेल. फोनवर निदान मला ते दिसणार नाही. ऊठ. उतरायला वेळ लागेल.

तेक्ला : चल. आणि टरफलं उचल, चर्चची पायरी आहे.

(जहाजावर, मागच्या बाजूचा कठडा. चार वाजून गेले आहेत.)

तेक्ला : आलो बाई वेळेत. ताओर्मिनावाल्यांची एक बस अजून यायची आहे. बघ कसे निवांत आहेत सगळे. आपण असतो तर एव्हाना दोर सोडले असते. वहिनी? ऐकतेस ना?

इल्वा : तेक्ला, इकडं ये. इथं, माझ्या जागी उभी राहा.

तेक्ला : काय झालं?

इल्वा : समोर बघ. गोदामाच्या वर.

तेक्ला : पिवळी इमारत. हो, तीच ती.

इल्वा : आणि तिच्या डाव्या खांद्याला?

तेक्ला : घुमट... अगं बाई! चिकटलाय की तिला!

इल्वा : भिंतीला भिंत.

तेक्ला : मधली वस्ती कुठं गेली?

इल्वा : मागं दडलीय. इथून दिसत नाही ती. गच्ची बघ.

तेक्ला : डबे. निळे डबे आहेत, वहिनी. तीन. एकात झाड नाही आता, पण डबा आहे.

इल्वा : सगळं आहे. त्यानं सांगितलं तसंच्या तसं. एक अक्षर खोटं नाही.

तेक्ला : बघ, मी म्हणत होते ना...

इल्वा : पण इथून. फक्त इथून. जहाजावरून. नेपल्सच्या किल्ल्याचे दोनच बुरूज समुद्राकडं आहेत, नाही का? बाकीचे मागच्या अंगाला. आपण चालत गेलो म्हणून पाच दिसले.

तेक्ला : वारा फार सुटलाय इथं. चल, आत जाऊ.

इल्वा : दहा मिनिटं म्हणाला, कारण इथून दहा मिनिटांवरच वाटतं. तेक्ला, तो उतरायचाच नाही. एकतीस वर्षांत तो उतरलाच नाही. तुला माहीत होतं?

तेक्ला : माझ्या आईनं मला क्रुसापुढं उभं करून शपथ घातली होती.

इल्वा : तुमची आई जाऊन तीस वर्षं झाली.

तेक्ला : शपथ काही तिच्याबरोबर पुरली नाही. ... तू मघाशी चर्चपाशी ते रोझालियाचं काढलंस तेव्हाच सांगणार होते, जीभ उचलली नाही. अडुसष्टचा उन्हाळा. मी पंधराची होते. बाचीला तेव्हा जहाजावर पांढरं जाकीट होतं, आठवतं? पाहुण्यांना वाढायचा.

इल्वा : आठवतं. त्याच जाकिटात मला मागणी घातली त्यानं. नंतर म्हणाला, वाढायचा कंटाळा आला, खाली भांडी घासायला मागून घेतलं. मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

तेक्ला : मागून कोण घेतं भांडी? फ्रान्सात, मार्सेयला तो उतरला होता. दुकानं धुंडाळत गल्ल्यांत शिरला, रस्ता चुकला. कुणाला विचारावं तर भाषा येईना. धक्क्यावर पोचला तेव्हा जहाज बंदराच्या तोंडाशी होतं. त्याला पाठमोरं दिसत होतं ते. तीन आठवड्यांनी घरी आला, कोळ्यांच्या होड्यांतून, कोळशाच्या गाडीतून. बूट विकलेले. आई त्याला आधी ओळखेचना. वडलांनी कंपनीत कुणाकुणाचे पाय धरले, तेव्हा परत घेतलं, पण तळाला. भांडी घासायला. जिथं खिडकीसुद्धा नाही. तेव्हापासून बंदरावर उतरायची धास्तीच बसली असणार त्याला.

इल्वा : आणि आमचं लग्न सप्टेंबरातून नोव्हेंबरात गेलं. बाचीला ताप आलाय, असं कळवलं तुमच्या आईनं.

तेक्ला : तिला भीती होती, जहाज चुकवणाऱ्या पोराला तुझे वडील मुलगी द्यायचे नाहीत.

इल्वा : दिली नसती. खरं आहे ते. कशासाठी फिरत होता दुकानं?

तेक्ला : तेही सांगू?

इल्वा : आता काय राहिलंय?

तेक्ला : शिंपल्याची बटणं. तुझ्या लग्नाच्या झग्याला. तू म्हणाली होतीस म्हणे एकदा, की लोकांच्या कोटांना हजारो लावली, आपल्या अंगावर एक नाही.

इल्वा : सोळा बटणं होती. मला म्हणाला, टपालानं मागवली.

तेक्ला : बूट विकले, पण ती विकली नाहीत.

इल्वा : तुझा रुमाल दे. माझ्यात मीठ सांडलंय.

तेक्ला : वहिनी, रडू नको. लोक बघतायत. बसवालेही आले बघ.

इल्वा : रडत नाहीये. तो कधी येत असेल वर? दुपारी, भांडी संपली की. तंबाखू ओढायला. इथंच उभा राहत असेल, मागच्या बाजूला, जिथं पाहुण्यांना दिसत नाही. आणि एकेक खिडकी पाठ करत असेल, मला सांगायला.

तेक्ला : आता फोन करणार आहेस?

इल्वा : करणार.

तेक्ला : काय विचारणार?

इल्वा : लाव तर खरा. मला ते बारके आकडे दिसत नाहीत.

तेक्ला : वाजतोय. घे. मी जाऊ का लांब?

इल्वा : थांब इथंच. ... बाची? मी बोलतेय. जेवलास?

बाची : कालचं सूप होतं. तुम्ही पोचलात ना जहाजावर? साडेचार झाले.

इल्वा : केव्हाच पोचलो.

बाची : तेक्लाचे पाय?

इल्वा : आहेत जागेवर. तक्रार करतायत.

बाची : मग? सापडली ती पिवळी इमारत?

इल्वा : सापडली. आणि घुमट तिच्या डाव्या खांद्याला. भिंतीला भिंत. तू सांगितलंस तसाच.

बाची : हं. ... तसाच?

इल्वा : तसाच. गच्चीवर निळे डबे अजून आहेत. एकातलं झाड गेलंय.

बाची : मधलं असेल. त्याला वारा फार लागायचा. आणि ती लाल एप्रनवाली? नसेलच म्हणा आता.

इल्वा : वारली. आठ वर्षं झाली. रोझालिया नाव होतं तिचं. शिवणकाम करायची.

बाची : रोझालिया. मला माहीतच नव्हतं नाव.

इल्वा : तुला हात करायची ना ती?

बाची : करायची.

इल्वा : तुला?

बाची : जहाजाला.

इल्वा : हं.

बाची : इल्वा?

इल्वा : आहे मी. ऐकतेय.

बाची : उद्या माल्टा ना? व्हॅलेटा. जहाजाच्या बसनंच जा तिथं. ते लोक थांबतात आपल्या माणसांसाठी.

इल्वा : नको. आम्ही आपल्या आपण जाऊ. चालत. आणि वेळेत परत येऊ, तू काळजी करू नको.

बाची : चढ असेल.

इल्वा : असू दे.

बाची : तिथं बंदरात शिरताना तटावर, अगदी वर, कमानींची एक रांग दिसते. आकाशाला टेकलेली.

इल्वा : हो. ते सांगितलं आहेस तू.

बाची : त्या कमानींच्या मागं... मागं काय आहे गं? जमलं तर बघून ये. मला सांग.