शेवटच्या नळाला पोचलं का?

टण, टण, टण. लोखंडी चावीचे पाइपावर तीन ठोके. मंडळी, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे केस काळे होते.

शाळेच्या या खोलीत तुम्ही सगळे दाटीवाटीनं बसलात आणि बोलायला मला उभं केलंत. लहानपणच्या कविता मला अजून तोंडपाठ आहेत. पण आज बोलायचंय ते आपल्या गेलेल्या किसनभाऊंबद्दल.

भाऊ मूळचे घाटघरचे. जुन्नरात आले आणि पाणी सोडायच्या कामाला लागले. आपल्या या चढावरच्या वस्तीत कुणाच्या घरात नळ आहे? रस्त्यावरचे चार नळ, तेवढेच आपले. पाणी सोडून भाऊंनी तीन ठोके दिले की हंडे लागायचे. मला तर वर्गात चालीवर म्हटलेली कविताच आठवायची. मग भाऊ धापा टाकत चढ चढायचे आणि विचारायचे, "शेवटच्या नळाला पोचलं का?" हो म्हटल्याशिवाय चहाला शिवायचे नाहीत.

चूक त्यांची एकच. खालच्या आळीतले लोक आपला व्हॉल्व्ह पिळून पाणी तोडायचे, म्हणून भाऊ त्याच्या झाकणावर रोज माती ओढायचे. जागा कुणाला सांगितली नाही. अगदी शेवटी, अंथरुणावरून, त्यांच्या जागी नव्यानं लागलेल्या राजूला म्हणाले, देवळाच्या पायरीपासून एकवीस पावलं. भाऊ गेले, आणि त्याच दिवशी रस्त्यावर नवा मुरूम पडला.

चार दिवस नळ कोरडे. राजूनं मोजलं, खणलं. पुन्हा मोजलं, पुन्हा खणलं. काहीच नाही. मी मनात म्हणालो, भाऊ, वस्तीचं पाणी बरोबरच नेलंत की काय?

काल राजू भाऊंच्या घरी, हौसावहिनींच्या दारात गेला. दहावं व्हायचंय, वहिनी उंबऱ्याच्या आतच उभ्या. म्हणाल्या, "लांब ढांगा टाकतोस व्हय रं? ते डोंगरातले व्हते. चढावर चालल्यागत पाय टाक."

राजूनं तसे पाय टाकले. पहिल्याच घावाला कुदळ झाकणावर वाजली.

आज सकाळी ते तीन ठोके पुन्हा ऐकले, मंडळी. मी रडलो, खोटं कशाला बोलू? पण छाती हलकी झाली. भाऊ, आता निवांत पडा.

चला, दोन मिनिटं उभे राहू या. डोळे मिटा.

थांबा. दारात कोण आहे? वहिनी? तुम्ही, आणि दहाव्याच्या आधी?

काय म्हणालात?

"शेवटच्या नळाला पोचलं का?"

पोचलं, वहिनी. पोचलं. या, आत या.